उशीर, ह्रीबेर आणि वाळा

ज्वराच्या रुग्णास तहान फार लागते, आणि ती भागविण्यासाठीं त्यास कोणतें पाणी द्यावें याचा विचार आमच्या जुन्या वैद्यकानें मोठ्या काळजीनें केलेला आहे. चरकसंहितेच्या चिकित्सास्थानांत ज्वराच्या प्रकरणीं सांगितलेलें ‘षडंगपानीय’ हें त्यांतील सर्वांत प्रसिद्ध पाणी होय. नागरमोथा, पित्तपापडा, उशीर, चंदन, उदीच्य आणि सुंठ हीं त्याचीं सहा अंगें. पुढील ग्रंथकारांनीं त्याचें प्रमाणही ठरवून टाकिलें: सहा द्रव्यें मिळून एक कर्ष, पाणी एक प्रस्थ, तें आटून निम्में राहिलें म्हणजे उतरावें, निवूं द्यावें आणि रुग्णास वरचेवर पाजावें. चरकाला दीड-दोन हजार वर्षें होऊन गेलीं, तरी हें पाणी वैद्यांच्या वापरांतून अद्यापि गेलेलें नाहीं.

आतां एखाद्या मराठी घरांत हें पाणी करावयाचें ठरलें असें समजूं. मोथा, चंदन व सुंठ यांविषयीं अडचण पडणार नाहीं. पित्तपापड्याविषयीं वैद्यांत मतभेद आहे, तो तूर्त बाजूस ठेवूं. उशीर म्हणजे वाळा, हें कोणताही कोश सांगेल. राहिलें उदीच्य. उदीच्य म्हणजे ह्रीबेर. ह्रीबेराचें दुसरें चालू नांव वालक किंवा बालक. आणि वालक हा शब्द मराठींत सरळ उतरविला तर त्याचा होतो वाळा! म्हणजे वैद्यानें लिहून दिलेल्या सहा द्रव्यांपैकीं दोन द्रव्यें काष्ठौषधींच्या दुकानांतील एकाच जुडींतून निघण्याचा संभव झाला. षडंगाचें पंचांग व्हावयास एवढें पुरे आहे.

आम्ही वैद्य नव्हों. जुन्या ग्रंथांतील शब्दांचा माग काढीत बसणें हा आमचा धंदा, आणि त्या धंद्याचा रुग्णास कांहीं उपयोग होतो असा आमचा दावा नाहीं. परंतु येथें प्रश्न मुळीं शब्दांचाच आहे. अमुक औषधाचा गुण येतो कीं नाहीं, या वादांत एका बाजूस अभिमानी लोक आणि दुसऱ्या बाजूस उपहास करणारे लोक गेलीं दीडशें वर्षें हिरिरीनें भांडत आले आहेत. पण औषध म्हणून रुग्णाच्या पोटांत काय गेलें, हें अगोदर निश्चित केल्यावांचून त्या वादास अर्थ नाहीं. म्हणून वाळ्याच्या गुणांपूर्वीं त्याच्या नांवाचा इतिहास पाहावा, असें आम्हांस वाटतें.

प्रथम त्या तृणाकडेच पाहूं. नदीनाल्यांच्या कांठीं, पाणथळ जमिनींत माणसाच्या उंचीचे किंवा त्याहूनही उंच असे त्याचे ठोंब उभे असतात. पातें अरुंद व ताठ, कडा खरखरीत. चुरगाळून नाकाशीं धरलें तरी त्याला वास म्हणून नाहीं. या बाबतींत तें गवती चहा किंवा खानदेशांतील रोशा यांच्या अगदीं उलट आहे, कारण त्यांचा सुगंध पात्यांत असतो. वाळ्याचें सगळें धन जमिनीखालीं. तेथें बारीक, पिंवळसर तपकिरी मुळांचें दाट जाळें सरळ खोल उतरलेलें असतें, आणि पहिल्या पावसांत भिजलेल्या मातीची आठवण करून देणारा जो सुवास आपण माठांतील पाण्यांत घेतों, तो त्या मुळांचा.

या तृणाचें आणि त्याच्या मुळाचें नांव संस्कृतांत एक नाहीं. अमरसिंहानें तृणास ‘वीरण’ म्हटलें आहे आणि ‘उशीर’ हें त्याच्या मुळाचें नांव म्हणून दिलें आहे. हा भेद केवळ कोशकाराच्या टांकांतून उतरलेला नव्हे. धम्मपदाच्या तृष्णावर्गांत दोन दृष्टांत जवळजवळ आले आहेत. पाऊस पडल्यावर बीरण जसें फोफावतें तसें तृष्णेच्या आहारीं गेलेल्या मनुष्याचें दुःख वाढतें, हा एक. आणि उशिराची इच्छा करणारा ज्याप्रमाणें बीरण खणतो त्याप्रमाणें तृष्णेचें मूळ खणून काढा, हा दुसरा. पालींतील बीरण म्हणजेच संस्कृतांतील वीरण, हें सांगावयास नकोच. बुद्धाच्या श्रोत्यांस कुदळ घेऊन वीरणाच्या ठोंबाशीं झटणारा मनुष्य नित्य दिसत असला पाहिजे. एरवीं तो उपदेशाच्या दृष्टांतांत आला नसता. विनयपिटकांत मध्यदेशाची उत्तर सीमा म्हणून ज्या पर्वताचा उल्लेख येतो त्याचेंही नांव उशीरध्वज असेंच आहे. मराठी वाचकास ‘उशीर’ म्हटलें म्हणजे विलंब आठवतो, आणि ‘वाळा’ म्हटलें म्हणजे कदाचित् पाळण्यांतील मुलाच्या पायांतला दागिना. पण गंगेच्या खोऱ्यांत अडीच हजार वर्षांपूर्वीं उशीर हा रोजच्या व्यवहारांतला शब्द होता.

ह्रीबेर त्या वेळीं त्याहून निराळें होतें काय? होतें, आणि याचा पुरावा वैद्यकाबाहेरही सांपडतो. कौटिलीय अर्थशास्त्रांत शेतीवरील अधिकाऱ्याचें, म्हणजे सीताध्यक्षाचें, जें प्रकरण आहे त्यांत गंधद्रव्यें व औषधी योग्य त्या जमिनींत लावाव्या असें सांगतांना उशीर, ह्रीबेर, पिंडालुक अशीं नांवें ओळीनें दिलीं आहेत. एकच वस्तु असती तर तिचीं दोन नांवें शेजारीं शेजारीं लिहिण्याइतका कौटिल्य शब्दांचा उधळ्या नव्हता. या जागेची पुढची कथा मोठी मौजेची आहे. अर्थशास्त्राची पोथी उजेडांत आणणारे म्हैसूरचे पंडित आर. शामशास्त्री यांनीं १९१५ सालीं तिचें पहिलें इंग्रजी भाषांतर पुस्तकरूपानें प्रसिद्ध केलें. त्यांत ह्रीबेराचे ‘हीर’ आणि ‘बेरक’ असे दोन तुकडे पडले असून प्रत्येकापुढें प्रश्नचिन्ह आहे. शामशास्त्र्यांच्या हातून जें प्रचंड कार्य झालें त्याला यामुळें कांहीं उणेपणा येत नाहीं. पण म्हैसुरास एका वनस्पतीच्या दोन अनोळखी वनस्पती व्हाव्या, आणि आमच्याकडे दोन ओळखीच्या वनस्पतींची एक व्हावी, हा योग विलक्षण खरा!

वैद्यकग्रंथांत तर हीं दोन्ही द्रव्यें हातांत हात घालून चालतात, पण एकमेकांत मिसळत नाहींत. चरकानें सूत्रस्थानाच्या चौथ्या अध्यायांत एकेका कार्यास उपयोगी पडणाऱ्या दहा दहा द्रव्यांचे गट केले आहेत. अंगाचा दाह शमविणाऱ्या दहांत उशीरही आहे आणि ह्रीबेरही आहे. दहा मोजून द्यावयाचीं म्हटल्यावर एकच द्रव्य दोनदां मोजणें संभवत नाहीं, एवढा हिशेब तरी आपण चरकाच्या पदरीं घातला पाहिजे. त्याच अध्यायांत कांति सुधारणाऱ्या गटांत उशीर आलें आहे, शुक्रशोधन करणाऱ्या गटांत आलें आहे. आणि स्तन्य वाढविणाऱ्या गटांत मात्र ‘वीरण’ हें तृणाचें नांव घालून दर्भ, कुश, काश इत्यादि इतर तृणांच्या बरोबर त्याचें मूळ घ्यावयास सांगितलें आहे. सुश्रुतानें सारिवादि गणांत उशीर घातलें, आणि तहान, रक्तपित्त, पित्तज्वर व दाह हे त्या गणाचे विषय सांगितले. या सर्व ठिकाणचें धोरण एकच दिसतें: जेथें उष्णता, आग, रक्तस्राव किंवा तृषा, तेथें उशीर.

सूत्रस्थानाच्या पंचविसाव्या अध्यायांतील उल्लेख आम्हांस सर्वांत महत्त्वाचा वाटतो. तेथें एकेका कामांत श्रेष्ठ कोण याची लांबलचक यादी आहे. तींत दाह, त्वचेचे दोष आणि घाम घालविणाऱ्या लेपांमध्यें श्रेष्ठ म्हणून ‘लामज्जक आणि उशीर’ या जोडीस मान दिला आहे. या लेपाचें चित्र पाहावयाचें असेल तर वैद्यक सोडून नाटकाकडे वळावें. शाकुंतलाच्या तिसऱ्या अंकाच्या आरंभीं कण्वाश्रमांतला शिष्य प्रियंवदेला विचारतो कीं, हा उशिराचा लेप आणि हीं कमळाचीं पानें कोणासाठीं चाललीं आहेत. आणि शकुंतलेस उन्हाची बाधा झाल्याचें त्यास समजतें. तिचा ताप कोणत्या उन्हाचा होता हें प्रेक्षक जाणून असतात. पण कालिदासाचा विनोद समजण्यासाठीं उन्हाच्या तापावर उशिराचा लेप घालतात हें प्रेक्षकांस ठाऊक असावें लागतें. आमच्या घरीं नरकचतुर्दशीच्या पहाटे जें उटणें लावतात, त्यांत नागरमोथा, कचोरा, आंबेहळद यांबरोबर वाळाही असतो. चरकाचा वर्ण्य गण ज्यांनीं स्वप्नांतही पाहिला नाहीं अशा आज्याबाईंनीं तें द्रव्य दरवर्षीं न चुकतां कुटून घातलें आहे.

लामज्जक हें तिसरें नांव येथें आलें, आणि गुंतागुंत वाढली. अमरसिंहानें वीरणाच्या मुळाच्या पर्यायांतच नलद, सेव्य, अमृणाल, लामज्जक हीं नांवें घातलीं. चरकानें तर लामज्जक व उशीर हीं जोडीनें सांगितलीं आहेत. सोळाव्या शतकांतील भावमिश्रानें भावप्रकाशांत लामज्जकाचें प्रकरण उशिराहून स्वतंत्र केलें आणि ‘नलद’ हें नांवही लामज्जकास देऊन टाकिलें. कोशकारास छंदांत नांवें बसवावयाचीं असतात, वैद्यास औषध द्यावयाचें असतें. अशा वेळीं आम्ही वैद्याची साक्ष अधिक धरतों. अर्वाचीन वनस्पतिशास्त्रज्ञ लामज्जक म्हणून जें ओळखतात तें उत्तर हिंदुस्थानांतील, गवती चह्याच्या गोत्रांतील एक सुगंधी गवत आहे. त्याकडे पुढें वळावयाचेंच आहे.

ह्रीबेराच्या नांवांची तऱ्हा आणखी निराळी. केसांचीं व पाण्याचीं जेवढीं नांवें तेवढीं सर्व ह्रीबेराचीं, असें अमर सांगतो. यामुळें ग्रंथकारांची सोय झाली आणि वाचकांची पंचाईत. वाग्भटानें अष्टांगहृदयांत हेंच षडंगपाणी सांगतांना मोथ्यास ‘घन’ म्हटलें, कारण मेघाचीं सर्व नांवें मोथ्यास चालतात. आणि ह्रीबेरास म्हटलें नुसतें ‘अंबु’. अंबु म्हणजे पाणी असा सरळ अर्थ करून पुढें जाणारा भाषांतरकार सहा द्रव्यांचीं पांच करून मोकळा होईल, आणि पाणी तर भांड्यांत असतेंच म्हणून त्याची चूक कोणाच्या लक्षांतही येणार नाहीं! शार्ङ्गधरानें रक्तपित्तासाठीं जो उशीरासव सांगितला, त्याच्या घटकांत पहिलें उशीर आणि लगेच दुसरें वालक. येथें संस्कृत जाणणारास कांहींच संशय नाहीं. मराठी मनांत मात्र ‘वाळा आणि वाळा’ असाच ध्वनि उमटतो.

तेव्हां ग्रंथपरंपरेनें हीं दोन द्रव्यें हजार दीड हजार वर्षें अलग ठेविलीं, याबद्दल शंका उरत नाहीं. घोटाळा झाला तो देशभाषांत. आणि तो आमच्याच भाषेंत झाला असें मात्र नव्हे. वाल म्हणजे केस. केसांसारखीं बारीक मुळें असलेल्या द्रव्यास वालक म्हणणें स्वाभाविक. वाळ्याचीं मुळेंही केसांसारखींच असल्यामुळें मराठी आणि गुजराथी या भाषांनीं ह्रीबेराचें नांव उचलून उशिरास दिलें. कानडी व मलयाळी लोकांनीं शेजारच्या दुसऱ्या घरांत हात घातला: कानडींतील ‘लावंच’ आणि मलयाळींतील ‘रामच्चम्’ हीं दोन्ही ‘लामज्जक’ शब्दाचीं रूपें असून दोहोंचा अर्थ मात्र आमचा वाळा. तमिळांनीं कोणाचें उसनें न घेतां ‘वेट्टिवेर’, म्हणजे खणून काढलेलें मूळ, असें स्वतःचें नांव ठेविलें, आणि तेंच पुढें फ्रेंचांच्या तोंडून ‘व्हेटिव्हर’ होऊन साऱ्या जगाच्या अत्तरांच्या बाजारांत गेलें. हिंदींत फारशीचा ‘खस’ आला. त्याचें ‘खसखस’ झालें कीं आमच्या गृहिणींस अफूचें बीं आठवतें, हा आणखी एक फांटा. बंगालींतील ‘बेना’ एवढें मात्र वीरणाच्या वंशांतलें राहिलें आहे. उशीर हा शब्द ज्याच्यासाठीं जन्मला त्या मुळास ह्यांपैकीं एकाही भाषेंत त्या नांवानें हांक मारीत नाहींत.

युरोपांतील शास्त्रज्ञांनीं लॅटिन नांवें देऊन हा गोंधळ मिटविला असें कोणास वाटेल, तर तेंही अर्धेंच खरें. लिनियसनें १७७१ त या गवतास फॅलॅरिस म्हटलें, पुढें तें अँड्रोपोगॉन झालें, १९०३ त व्हेटिव्हेरिया, आणि १९६० त क्रायसोपोगॉन. अर्थात् प्रत्येक वेळीं वस्तु कोणती याबद्दल त्यांचा संशय नव्हता, हा फरक मोठा आहे. ह्रीबेराचें काय? तेथें आजही दोन उमेदवार आहेत. उत्तर व पश्चिम हिंदुस्थानांत सुगंधबाला या नांवानें जें मूळ विकतात तें भेंडीच्या कुळांतील पॅव्होनिया ओडोराटा या रोपाचें. यासच मराठींत ‘काळा वाळा’ म्हणतात. केरळांत व तमिळ देशांत ‘इरुवेली’ म्हणून तुळशीच्या कुळांतील एका लहान झाडाचीं मुळें घेतात, आणि भारत सरकारच्या आयुर्वेदीय औषधिकोशानें ह्रीबेर म्हणून ह्याच झाडास मान्यता दिली आहे. त्याचें शास्त्रीय नांव कोलियस वेट्टिव्हेरॉइडिस, म्हणजे ‘वेट्टिवेरासारखा कोलियस’. मुळांचा झुबका पाहून विसाव्या शतकांतील वनस्पतिशास्त्रज्ञास वाळाच आठवला! मग आमच्या पूर्वजांनीं दोहोंस एक नांव दिलें, यांत त्यांना फार दोष कसा द्यावा?

नांवावरून वस्तु ओळखण्याच्या या खटाटोपाचें सर्वांत गाजलेलें प्रकरण लामज्जकाच्या बाबतींत घडलें. ग्रीक व रोमन लोक हिंदुस्थानांतून ‘नार्दोस’ नांवाचें मौल्यवान् सुगंधी द्रव्य नेत असत. हें द्रव्य कोणतें, याविषयीं अठराव्या शतकाच्या अखेरीस वाद माजला. गिल्बर्ट ब्लेन नांवाचे एक स्कॉटिश डॉक्टर होते. आरमारांतील खलाशांस लिंबाचा रस सुरू करून त्यांनीं पुढें मोठें नांव मिळविलें. त्यांचे बंधु १७८६ सालीं अयोध्येच्या नबाबाबरोबर शिकारीस गेले असतां राप्ती नदी ओलांडल्यावर एकाएकीं सारी हवा सुगंधानें भरून गेली. चौकशी करतां कळलें कीं, हत्ती-घोड्यांच्या पायांखालीं तुडवल्या गेलेल्या गवताच्या मुळांचा हा वास. ब्लेन यांस लगेच आरियन आठवला. ख्रिस्तपूर्व ३२५ त मकराणच्या वाळवंटांतून परत जातांना शिकंदराच्या सैन्यानें नार्दाचीं मुळें तुडविलीं आणि तो प्रदेश दूरवर दरवळला, असें आरियननें लिहून ठेविलें आहे. तेव्हां हेंच तें नार्द, असा निबंध ब्लेन यांनीं १७९० त लंडनच्या रॉयल सोसायटीपुढें मांडला.

त्याच सुमारास कलकत्त्यास सर विल्यम जोन्स याच प्रश्नावर लिहीत होते. त्यांची पद्धति निराळी. त्यांनीं संस्कृत कोश चाळले, देशी वैद्यांस विचारलें, आणि प्राचीनांचें नार्द म्हणजे हिमालयांतील जटामांसी असा निर्णय दिला. तो आज सर्वमान्य आहे. इतिहासाच्या पुस्तकांतून हें प्रकरण जोन्सचा विजय आणि ब्लेनचा पराभव म्हणून सांगतात. आम्हांस तें इतकें सरळ वाटत नाहीं. बाजारांत मोलानें विकलें जाणारें नार्द जटामांसीच, हें कबूल. परंतु ‘नार्द’ हा शब्द संस्कृत ‘नलद’ पासून गेला असें भाषाशास्त्रज्ञ मानतात. आणि नलद हें अमराच्या मतें उशिराचें नांव, भावमिश्राच्या मतें लामज्जकाचें. ब्लेन यांनीं वर्णिलेलें गवत तर अर्वाचीनांच्या मतें लामज्जकच! टीकाकार कांहीं ठिकाणीं नलदाचा अर्थ जटामांसी करतात हें खरें. पण नलद नांवाचें एक सुगंधी तृणमूळ होतें, हेंही तितकेंच खरें. वस्तूच्या बाबतींत ब्लेन चुकले, शब्दाच्या बाबतींत ते अगदींच चुकले नव्हते. ह्या गवतास देशी वैद्य ज्वरांकुश म्हणत, म्हणजे तापाच्या हत्तीस आवरणारा अंकुश. तें नांव लॅटिन पोषाख चढवून शास्त्रांत दाखल झालें, आणि वनस्पतिशास्त्राच्या रिवाजाप्रमाणें त्या नामकरणाचा मान मिळाला आहे जोन्स यांनाच.

आतां गुणांविषयीं थोडें. वाळा थंड, हें आपण लहानपणापासून ऐकत आलों आहों. अबुल फजलानें आईन-इ-अकबरींत लिहिलें आहे कीं, खसच्या मुळांच्या खोल्या करण्याची चाल बादशहाच्या आज्ञेनें पडली आणि त्यांवर पाणी शिंपडलें म्हणजे ऐन उन्हाळ्यांत हिंवाळा अवतरे. ह्याच चालीचें पुढचें रूप म्हणजे खसच्या टट्ट्या आणि आमच्याकडील वाळ्याचे पडदे. पण ही थंडी वाळ्याची नव्हे, पाण्याची आहे. ओल्या पडद्यांतून कोरडा वारा वाहिला कीं पाण्याची वाफ होते, आणि त्या वाफेसाठीं लागणारी उष्णता हवेंतून जाते. गवताचा साधा पडदाही हें काम करील. वाळ्याचा त्यावर सुगंधाचा अधिकार. म्हणूनच कोकणच्या दमट हवेंत तो पडदा वऱ्हाडांतल्याइतकें सुख देत नाहीं. वैद्यकांतील ‘शीत’ हा गुण या पडद्यावरून सिद्ध होत नाहीं व खोटाही ठरत नाहीं, कारण तो उष्णतामापकानें मोजावयाचा गुणच नव्हे. देहावर दिसणाऱ्या परिणामांना दिलेलें तें नांव आहे.

षडंगपाण्याविषयींही असाच विवेक राखला पाहिजे. उकळून निवविलेलें पाणी तापकऱ्यास वरचेवर द्यावें, ही गोष्ट आजच्या डॉक्टरासही मान्य होईल. त्यावरून चरकास जंतु ठाऊक होते असें म्हणणारे लोक आहेत. चरकानें आपलीं कारणें स्वतः सांगितलीं आहेत. तीं दोष, अग्नि आणि पचन यांच्या भाषेंत आहेत. त्याच्या तोंडीं दुसऱ्याचीं कारणें घालणें हा त्याचा गौरव नव्हे. रसायनशास्त्रज्ञांनीं वाळ्याच्या तेलाचें पृथक्करण केलें आहे. त्यांत खुसिमॉल, व्हेटिव्होन अशीं जड, सावकाश उडणारीं द्रव्यें सांपडतात, आणि सुकलेली जुडी वर्षानुवर्षें वास देते त्याचें कारण हें. भरतपूरकडील रानटी वाळ्याचें तेल प्रकाशाची पातळी डावीकडे फिरवितें, दक्षिणेंतील लागवडीच्या वाळ्याचें उजवीकडे. म्हणजे उशीर म्हणून जें निश्चित झालें त्यांतही दोन जाती निघाल्या. प्रयोगशाळेंत हें तेल कांहीं जंतूंची वाढ रोखतें असें दिसलें आहे, पण कांचेच्या नळींतला जंतु आणि तापानें तळमळणारा मनुष्य यांत अंतर फार. सहा द्रव्यांच्या काढ्याचें श्रेय एका मुळाच्या नांवें मांडणें तर मुळींच न्यायाचें नव्हे.

धम्मपदांतल्या त्या खणणाऱ्या मनुष्याकडे एकदां पुन्हां पाहिलें पाहिजे. पान किंवा फळ तोडलें तर झाड राहतें. येथें औषध म्हणजेच मूळ, म्हणून एक जुडी हातीं येण्यासाठीं एक ठोंब उपटावा लागतो. म्हैसूर प्रांताच्या दक्षिण भागांतील शेतकरी पिढ्यान् पिढ्या शेताच्या बांधावर हें गवत लावीत आले आहेत, आणि तें खणण्यासाठीं नव्हे, तर माती धरून ठेवण्यासाठीं. १९८० नंतर जागतिक बँकेच्या तज्ज्ञांनीं ही युक्ति उचलली आणि धूप थांबविण्याचा उपाय म्हणून ती देशोदेशीं नेली. तेथें मूळ जितकें खोल राहील तितकें चांगलें. अत्तरवाल्यास व वैद्यास तें वर हवें असतें. म्हणून तमिळ किनाऱ्यावर वाळूच्या जमिनींत मुद्दाम लावतात, कारण तेथून मुळें न तुटतां निघतात.

घरीं षडंग करणाऱ्यानें एवढें करावें. वैद्याच्या चिठ्ठींत उदीच्य, वालक, बालक, अंबु यांपैकीं कांहीं असेल तर दुकानदाराकडे ‘वाळा’ न मागतां ‘काळा वाळा’ किंवा ‘सुगंधबाला’ मागावा, आणि दोन्ही पुड्या वेगवेगळ्या बांधून घ्याव्या. मराठींत पुस्तकें लिहिणाऱ्यांनीं ‘काळा’ हें विशेषण जागा वांचविण्यासाठीं गाळूं नये. पुडी घरीं आल्यावर ती उघडून पाहावी: वाळ्याचीं मुळें तारेसारखीं चिवट, पिंवळट, एकाच जाडीचीं, आणि भिजविलीं कीं मातीचा सुवास देणारीं; पॅव्होनियाचें मूळ मधल्या एका वांकड्या सोटाचें, त्यास बारीक तंतु फुटलेले, आणि त्याचा वास मंद, किंचित् कस्तुरीकडे झुकणारा. दोन्ही पुड्यांस एकच वास आला, तर त्या दुकानास परत कराव्या.